बर्गीडांगा: इटाचुनाच्या राजबाडीच्या प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, नागपूर

काम पक्कं झालं. फेब्रुवारीअखेरीस आमचा मित्रमंडळी गट नागपूरकर भोसल्यांच्या मोहिमांवर एक छोटं प्रदर्शन भरवतोय. ओडिशा एकाकडे, छत्तीसगड दुसऱ्याकडे, बंगाल माझ्या गळ्यात. तीन तक्ते आणि एक लाकडी प्रतिकृती. मी वास्तुविशारद, त्यामुळे "तू काहीतरी बांधून दाखव" हे ओघानं आलंच.

काय बांधायचं तेही गटातच ठरलं होतं. हुगळी जिल्ह्यात इटाचुना नावाचं गाव आहे. तिथे कुंडू घराण्याची राजबाडी आहे, १७६६ ची. तिचं दुसरं नाव बर्गीडांगा. बंगालात मराठी स्वारांना बर्गी म्हणत; म्हणजे बर्गींची उंच जागा, बर्गींचं टेकाड. मोहिमेवर आलेले काही मराठे परत न जाता तिथेच राहिले, त्यांच्यातल्या एका 'कुंदन'चे पुढे 'कुंडू' झाले आणि त्यांनी हा वाडा बांधला, अशी कथा आहे. गटातल्या एकानं लगेच मथळाही ठरवून टाकला: 'बंगालातला मराठी वाडा'.

मला मथळा आवडला. तूर्तास लिहून ठेवतो.

२ डिसेंबर

आधी शब्दाचा निकाल. बर्गी म्हणजे आपला बारगीर. शिलेदार तो, ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. बारगिराला दोन्ही सरकारातून किंवा सरदाराकडून मिळतात. बंगालला हा फरक माहीत असायचं कारण नव्हतं. घोड्यावर बसून जो आला तो बर्गी.

इथेच पहिला खडा लागला. ज्याच्या बुडाखालचं घोडंसुद्धा स्वतःचं नाही, त्या माणसानं पंधरा-वीस वर्षांत परमुलखात वाडा बांधला? अशक्य म्हणत नाही, लुटीचा पैसा असतो. पण मग मोहिमेतला बडा असामी असला पाहिजे, आणि बड्या असामींची नावं कुठे ना कुठे सापडतात.

दुसरं असं की कुंडू हे बंगालात चांगलंच पसरलेलं आडनाव आहे, व्यापारी जातींत विशेष. कुंदन आडनावाचा मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

संध्याकाळी धंतोलीतल्या काकांकडे गेलो. रेल्वेतून निवृत्त, बंगाली, नागपुरात पन्नास वर्षं. मराठी बोलतात ते थेट इतवारीच्या बाजारातलं. मी कथा सांगितली तर हसले. म्हणाले, "तुम्ही लोक आमच्याकडे वाडा शोधायला चालले? आम्हाला तर लहानपणी तुमचंच नाव सांगून झोपवायचे."

ते अंगाईगीत सगळ्या बंगालला पाठ आहे. अर्थ एवढाच: बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले. बुलबुलांनी धान खाल्लं, आता खाजना द्यायचा कशानं? खाजना म्हणजे आपला सारा. काकांनी दोन ओळी गुणगुणल्या, मग बायको आतून बघतेय म्हणून थांबले.

११ डिसेंबर

पहिल्या तक्त्यासाठी सनावळी. शाळेत आम्हाला रघूजी भोसल्यांचं नाव दीड ओळीत उरकलं होतं. नागपूरच्या शाळेत! म्हणून इथे जरा सविस्तर लिहून ठेवतो.

१७४२: रघूजींचे दिवाण भास्कर राम कोल्हटकर, बंगालचे 'भास्कर पंडित', फौज घेऊन उतरले. ओडिशातून परतणाऱ्या नवाब अलिवर्दीखानाला वर्धमानजवळ कोंडीत धरलं. मे महिन्यात मुर्शिदाबादवर छापा, बडा सावकार जगतशेठ याची कोठी लुटली. पावसाळ्यात हुगळी शहर ताब्यात. सप्टेंबरात भास्करपंतांनी कटव्याजवळ दाईंहाटला दुर्गापूजा मांडली, आणि पूजा चालू असतानाच अलिवर्दीनं गंगा ओलांडून हल्ला केला. पूजा अर्धी टाकून पळावं लागलं.

१७४३ हा तर निव्वळ तमाशा. रघूजी स्वतः आले, आणि त्यांना हाकलायला नवाबाच्या बाजूनं आले कोण, तर बाळाजी बाजीराव पेशवे. पेशव्यांनी त्यासाठी नवाबाकडून बावीस लाख ठरवून घेतले. शेवटी शाहूमहाराजांनी मध्ये पडून बंगाल रघूजींच्या वाट्याला दिला. बंगाली शेतकऱ्याच्या दृष्टीनं दोन मराठी फौजा एकाच हंगामात पिकातून गेल्या, बाकी फरक शून्य.

३१ मार्च १७४४: अलिवर्दीनं मनकऱ्याच्या तळावर वाटाघाटीला बोलावून भास्करपंत आणि त्यांच्या सरदारांची तंबूतच कत्तल केली. नंतर आणखी सात वर्षं स्वाऱ्या. १७५१ चा तह: वर्षाला बारा लाख चौथ, ओडिशा भोसल्यांकडे, हद्द सुवर्णरेखा नदी.

त्याच सुमारास गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं 'महाराष्ट्रपुराण' लिहिलं. त्यातली कल्पना भन्नाट आहे. पृथ्वीवर पाप वाढलं म्हणून शंकर नंदीला शाहूराजाकडे पाठवतो आणि मराठे ही देवाचीच शिक्षा म्हणून येतात. पण येऊन ते जे करतात ते पाहून देवच त्यांच्यावर उलटतात. आपल्याला वाचताना कान गरम होतात. तक्त्यावर हे घेणार. गटात कुरकूर होईल, होऊ दे.

आता १७६६ कडे बघू. तहाला पंधरा वर्षं झालेली. आदल्या साली, ऑगस्ट १७६५ मध्ये, बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीला मिळालेली. चार वर्षांनी, १७७० चा महाभयंकर दुष्काळ. म्हणजे हा वाडा उभा राहतोय तो बर्गींच्या काळात नाही. तो उभा राहतोय महसूल वसुलीचा धनी बदलतानाच्या काळात. हे मघाशी का सुचलं नाही?

२० डिसेंबर

कोलकात्याला जायची गीतांजली एक्स्प्रेसची तिकिटं झाली, १० जानेवारी. काका येत नाहीत, गुडघे. शब्दांची यादी मात्र लिहून दिली आहे, दोन पानं.

११ जानेवारी २०२५, कोलकाता

दुपारी हावड्याला उतरलो. पिशव्या ठेवून तडक बागबाजार. एकच काम होतं, 'मराठा डिच लेन'ची पाटी बघायची. १७४२ च्या धसक्यानं कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. ठरला होता सात मैल, खणून झाला तीन मैल, आणि बर्गी काही तिथवर आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. आपल्या नावाचा एवढा मोठा खड्डा जगात दुसरीकडे नसावा, आणि तोही बिनकामाचा.

गल्ली अगदी साधी. पाटीखाली एकजण इस्त्री करत होता, त्याला फोटोचं कारण सांगितलं. मराठी म्हटल्यावर त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "दादा, उशीर केलात."

१२ जानेवारी, इटाचुना

हावड्याहून वर्धमान लोकल पकडायची, पण मेन लाईनची. कॉर्डची गाडी दुसऱ्याच बाजूनं जाते. हे काकांनी दोनदा अधोरेखित करून दिलं होतं, तरी मी चुकीच्या फलाटावर दहा मिनिटं उभा होतोच. बंडेल, आदिसप्तग्राम, मगरा, तलांडू, आणि मग खन्यान. पुढचं स्टेशन पांडुआ. खन्यानहून टोटो, म्हणजे आपली ई-रिक्षा.

हा रुळमार्ग देशातल्या सर्वांत जुन्यांपैकी. बोरीबंदर-ठाणे एप्रिल १८५३, आणि हावड्याहून पांडुआपर्यंत गाडी सप्टेंबर १८५४ मध्ये धावली. म्हणजे राजबाडीतल्या माणसांनी काळाच्या मानानं फार लवकर आगगाडी पाहिली. त्याची किंमतही त्याच भागानं मोजली. १८६० च्या दशकात वर्धमान-हुगळी पट्ट्यात तापाच्या साथीनं गावंच्या गावं बसली. सरकारनं नेमलेल्या समितीतले दिगंबर मित्र ठासून सांगत होते की रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या भरावांनी पाण्याचा निचरा तुंबलाय. ज्यांना परवडलं ते जमीनदार कोलकात्याला राहायला गेले आणि गावातला वाडा पूजेपुरता उघडू लागला. बंगालातल्या पडक्या वाड्यांची सुरुवात लोक १९५० नंतर मानतात. ती त्याआधी शंभर वर्षं झाली असावी असं मला वाटायला लागलंय.

गावाचं नाव! ईट आणि चून, विटा आणि चुना. इथे दोन्ही व्हायचं म्हणून नाव पडलं असं सांगतात. एका वास्तुविशारदाला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार?

वाडा आता पाहुण्यांना उतरायला देतात. खोल्यांना क्रमांक नाहीत, नाती आहेत: ठाकूमा, बडो बौदी अशी. चावी मागताना "बडो बौदी" म्हणावं लागलं, मोठ्या वहिनींच्या खोलीची. जरा अवघडल्यासारखं झालं.

मांडणी समजायला अर्धा तास पुरला, कारण ती आपल्याला उपरी नाही. सिंहदुआर म्हणजे दिंडी दरवाजा. बाहेरचा महाल पुरुषांचा आणि कामकाजाचा, तिथे काछारी. मग चौक आणि त्याच्या एका अंगाला देवाचं दालन. त्यामागे अंदरमहाल, आपलं माजघर म्हणा. फरक दालनात आहे. आपल्या वाड्यात देवघर आत, अंधारात, सोवळ्यात. तिथे ठाकुरदालान चौकाच्या तोंडाशी, नाटकाच्या रंगमंचासारखं, पायऱ्यांवर उचललेलं, कमानींनी सजवलेलं. देव बघायला अख्खं गाव चौकात उभं राहणार हे गृहीत धरून बांधलेलं. देवासमोर गावाला उभं करणं हाही जमीनदारीचाच भाग.

संध्याकाळी आरती झाली. घंटेच्या आवाजाला चौकाच्या भिंती असा काही प्रतिसाद देतात की वाटतं दुसरीकडेही आरती चाललीय.

१३ जानेवारी

आज गच्ची, छत आणि विटा.

आधी निर्णय लिहून ठेवतो: प्रतिकृती इटाचुनाची हुबेहूब करणार नाही. दोन दिवसांच्या पाहुण्यानं अख्ख्या वाड्याचं मोजमाप घेतलं म्हणणं खोटं. प्रतिकृती 'नमुन्याच्या जमीनदारबाडी'ची: एक चौक, पाच कमानींचं ठाकुरदालान, एक बाजू दुमजली. तक्त्यावर तसं स्पष्ट लिहायचं.

माझ्या डोळ्यांना इथलं दर्शनी रूप १७६६ चं दिसत नाही. गोल युरोपी खांब, खडखडीच्या म्हणजे हलत्या लाकडी पट्ट्यांच्या खिडक्या, ओतीव लोखंड, हा सगळा एकोणिसाव्या शतकाचा थाट. मूळ घर याच्या पोटात कुठेतरी असणार. वाडे असेच वाढतात. आमच्या आजोळचाही तीन पिढ्यांनी तीन बाजूंना वाढवला होता.

पोट बघायला मिळालं ते गावाबाहेर दूर, एका बिननावाच्या पडीक दालनात. छप्पर गेलेलं, पिंपळानं अर्धी भिंत मिठीत घेतलेली. एक खांब कमरेएवढ्या उंचीवर तुटला होता, त्यामुळे त्याचा आडवा छेद आयता समोर. बाहेरून संगमरवराचा आव आणणारा तो खांब आतून नुसती वीट. पाचरीसारख्या घासून घेतलेल्या विटा गोल मांडलेल्या, टोकं मध्याकडे, कलिंगडाच्या फोडींसारख्या. वर चुना-सुरखीचा (सुरखी म्हणजे विटांची पूड) गिलावा, आणि त्यावर नखाएवढा जाड, दुधासारखा थर. तो पंखेर काज: शिंपल्यांचा चुना फार बारीक वाटून, लावून, घोटून घोटून आणलेली चकाकी. नख मारलं तर ओरखडा उठला नाही.

भिंतीत विटांच्या दोन जाती. आतल्या पातळ, दीड इंच जाडीच्या आसपास; बाहेरच्या जाड, इंग्रजी मापाच्या. म्हणजे जुन्या भिंतीला नंतर अंगरखा चढवलेला. मला वाटतं इथल्या जमीनदारीचा इतिहासच या एका छेदात दिसतो. तक्ता दोनचा मुख्य फोटो हाच.

बंगालात दगड नाही. गाळाची माती हवी तेवढी, म्हणून वीट गावातच भाजायची. चुना मात्र दुरून यायचा. सिल्हेटच्या चुनखडीचा धंदा त्या काळी इतका मोठा होता की कंपनीचे साहेब खासगीत त्यात हात मारत. वाळूत मगऱ्याची वाळू अजूनही नावाजलेली; काल लोकलमधून जे मगरा गेलं तेच.

१४ जानेवारी

संक्रांत. तिकडे पौष संक्रांती. मी नागपूरहून तिळगूळ नेला होता, स्वयंपाकघरातल्या मावशींना दिला. "गोड बोला"चं भाषांतर करताना मात्र जीभ अडखळली. बर्गीच्या मुलखातला माणूस बंगाल्याला गोड बोल म्हणतोय! त्यांनी वाटीभर पिठे दिले, तांदळाच्या पिठाचे, आत नारळ आणि खजुराचा नवा गूळ. त्या गुळाला धुराचा वास असतो. आपल्या उसाच्या गुळाला तो कधी यायचा नाही.

दुपारी मागच्या तळ्याकाठी बसलो. खिडकी पुकुर, मागल्या दाराचं तळं, अंदरमहालातल्या बायकांसाठी. तिथे बसून आठवले आमचे मामा तलाव. भंडारा-चंद्रपूरकडचे माजी मालगुजारी तलाव, सरकारी कागदात त्यांचं लघुरूप होऊन 'मामा' झाले. आमच्या आजोळी मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा हक्क, होती. १९५१ मध्ये गेली. आजी शेवटपर्यंत 'आपला तलाव' म्हणायची, तलाव सरकारचा होऊन तीस वर्षं झाली तरी.

हे लिहिताना एक गोष्ट लख्ख झाली. मी इथे मराठी पूर्वज शोधत आलो आणि मला ओळखीचं दिसलं ते सारावसुली करणारं घर. काछारीत नायब, गोमस्ता, मुहुरी. दाराशी पाइक. वैशाखात पुण्याह, वर्षाच्या पहिल्या वसुलीचा दिवस, सनई लावून, मिठाई वाटून. आजोळीही पहिला हप्ता घेताना पेढा द्यायचे म्हणतात. कूळ पेढा खाऊन पैसे मोजायचं.

अंगाईगीताची पहिली ओळ सगळ्यांना पाठ आहे, बर्गी आले. पण आईची रात्रीची काळजी दुसऱ्या ओळीत आहे: धान गेलं, आता खाजना कशानं देऊ? बर्गी निघून जातात. खाजना दरवर्षी येतो. हा वाडा दुसऱ्या ओळीतला आहे.

१९ जानेवारी, नागपूर

परत. १:५० वर आराखडा पूर्ण. चौक २४ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्यक्ष चाळीस फूट. भिंती एमडीएफ, खांब सागवानी काठ्या, छत उघडं ठेवणार, म्हणजे वरून रचना दिसेल. सुताराला आराखडा आणि मापांचा कागद दिला.

तक्ता दोनचा मजकूर लिहायला घेतला. १७९३ चा कायमधारा: गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसनं जमिनीचा सारा कायमचा बांधून दिला. जमीनदारानं वसुलीच्या अकरा भागांतले दहा भाग कंपनीला द्यायचे आणि एक स्वतः ठेवायचा. ठरल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत भरणा झाला नाही तर जमीन लिलावात. याला तिथे 'सूर्यास्त कायदा'च म्हणतात. जुनी बडी घराणी पटापट लिलावात निघाली आणि घेणारे होते व्यापारी, दलाल, जुन्या जमीनदारांचेच कारकून.

वर्धमानच्या राजानं यातून वाट काढली. जमिनीचे तुकडे कायमच्या मक्त्यानं दुसऱ्यांना दिले, त्यांना पत्तनीदार म्हणत. १८१९ मध्ये कंपनीनं त्याचा कायदाच केला. पत्तनीदाराखाली दरपत्तनीदार, त्याखाली सेपत्तनीदार. प्रत्येकाचं घर, प्रत्येकाचं ठाकुरदालान, आणि या सगळ्यांच्या खांबांखाली एकच कूळ. हुगळी-वर्धमानात पावलापावलावर राजबाडी का, याचं उत्तर हेच. त्यातले राजे फार थोडे होते.

२५ जानेवारी

फजिती. पूर्णपणे माझी.

सुतारानं छत आणून ठेवलं आणि मी बघतच राहिलो. पाच मिलिमीटरच्या जाडजूड चाळीस तुळया एकमेकींना चिकटून. बैलगाडीचा सांगाडा दिसत होता.

झालं असं: तिथलं छत 'कडी-बरग्या'चं. आपल्याकडे तुळई मोठी आणि तिच्यावर आडव्या बारीक कड्या. बंगालीत कडी म्हणजेच मोठी तुळई, आणि तिच्यावरचा बारीक वासा तो बरगा. म्हणजे तिकडची कडी ही आपली तुळई, आणि तिकडचा बरगा ही आपली कडी. मी गच्चीवर उभा राहून टिपणं काढताना कधी बंगाली कडी लिहिली, कधी मराठी. कागदावर जाडी तुळईची गेली आणि संख्या वाशांची.

सुतार म्हणाला, "साहेब, मी विचारणार होतो, पण तुम्ही बंगालला जाऊन आलेले."

लाकूड वाया गेलं त्याचे साडेसातशे रुपये माझ्या खिशातून. नव्या कागदावर फक्त 'मोठी' आणि 'बारीक' असं लिहिलंय.

काकांना फोनवर सांगितलं तर पोट धरून हसले, वर आणखी भर घातली. बरगा म्हणजे वासा. बर्गा म्हणजे बटाईची शेती, ती कसणारा बर्गादार. १९७८ मध्ये डाव्या सरकारनं ज्यांची नावं कागदावर आणली ते 'ऑपरेशन बर्गा' याच शब्दाचं. आणि बर्गी म्हणजे तुम्ही. "तिन्ही वेगळे. तुमच्या तक्त्यावर एकाच ओळीत नका टाकू."

एकाच चौकटीत टाकतोय.

२ फेब्रुवारी

खडखडी. दाराच्या चौकटीत आडव्या लाकडी पट्ट्या, मधून एक उभी काठी. काठी वर केली की पट्ट्या मिटतात, खाली केली की उघडतात. वारा येतो, ऊन येत नाही, आणि आतल्या बाईला चौक दिसतो पण चौकातल्या माणसाला बाई दिसत नाही. नाव आवाजावरून पडलं असणार. उघडताना खरोखरच 'खड् खड् खड्' होतं.

१:५० ला ही हलणारी करणं अशक्य. म्हणून एकच झडप वेगळी, १:५ मापाची, लोकांना हातानं हलवता येईल अशी. पहिल्या प्रयत्नात पट्ट्या मिटल्या, उघडल्याच नाहीत. खिळ्याचं भोक पट्टीच्या मधोमध पाडलं होतं. काठीची कडी पुढच्या काठाला हवी. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. रात्री दीडला घरात बसून खड् खड् करत होतो, बायको उठून आली आणि झडपेच्या पलीकडून बघून गेली.

छताची दुसरी आवृत्ती छान झाली. मोठ्या तुळया कमी, वासे दाट, वर टाइल आणि त्यावर जलछादचा थर दाखवायला लाल रंगाची पुट्टी. खरा जलछाद म्हणजे विटांची खडी, सुरखी, चुना, गुळाचं पाणी, आणि तो घट्ट होईपर्यंत लाकडी धोपटण्यांनी दिवसच्या दिवस बडवायचा. बडवणाऱ्या बाया रांगेत बसून गाणी म्हणत. आपल्या जात्यावरच्या ओव्या, तशी त्यांची छतावरची गाणी.

९ फेब्रुवारी

तक्ता तीन, शेवट. १९५३ चा पश्चिम बंगालचा जमीनदारी संपादन कायदा, बंगाली नववर्षापासून, १५ एप्रिल १९५५ ला जमीन सरकारकडे. शेतजमीन पंचवीस एकरांपर्यंत ठेवता आली. राहतं घर, तळी, बागाही ठेवता आल्या. म्हणजे हत्ती ठेवू दिला, चारा नेला.

त्यात वाटे. बंगालात वारसा दायभागाचा, आपल्यासारखा मिताक्षरेचा नव्हे. बाप असेपर्यंत मुलाचा हक्क नाही. बाप गेला की प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला, निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेचाही. दोन-तीन पिढ्यांत एका घराचे वीस-तीस शरीक. गळक्या छताची दुरुस्ती कोणी करायची? देवीची पूजा मात्र पाळीपाळीनं चालू राहिली, कारण तिच्या नावची देबोत्तर जमीन वाटणीबाहेर होती. कित्येक वाड्यांत आज ठाकुरदालानाला चुना लागलेला असतो आणि शेजारच्या खोलीत झाड उगवलेलं.

इटाचुना तगली ती पाहुण्यांमुळे आणि सिनेमावाल्यांमुळे. गावात या घराण्याच्या एका पूर्वजाच्या नावानं १९५० पासून महाविद्यालयही आहे, बिजयनारायण महाविद्यालय.

१६ फेब्रुवारी

गटाची बैठक, तीन तास. मथळ्यावरून अपेक्षेप्रमाणे वाजलं.

एकाचं म्हणणं: घराणंच सांगतंय आम्ही मराठे, तू कोण नाही म्हणणारा? मुद्दा बिनतोड आहे. मीही नाही म्हणत नाही. ज्या मुलखात बर्गी म्हणून मुलांना भेवडवतात, तिथे कोणी आपल्या घराला बर्गीडांगा म्हणवून घेत असेल तर त्यामागे काहीतरी असणारच. चोराला आजोबा कोण करून घेतो? दुसऱ्या बाजूनं, भीती दोनशे वर्षं जुनी झाली की तिचं कौतुक होतं, हेही खरं. आपल्याकडेही पेंढाऱ्यांना लपायला दिलेल्या विहिरी लोक हौसेनं दाखवतात.

पण मथळा 'मराठी वाडा' दिला तर बघणारा खांबांवरून हात फिरवून "आपल्या लोकांनी बांधलं" म्हणून पुढच्या टेबलाकडे जाईल. कोणाच्या सार्‍यातून बांधलं हे विचारणारच नाही. मी तसं बोललो आणि एक मोठी शांतता झाली. मग चहा आला.

तडजोड: मथळा 'बर्गीडांगा'. खाली 'घराण्याची आठवण' असं लिहून कुंदनाची कथा, स्वतंत्र चौकटीत. गंगारामाचा उतारा राहिला, एक ओळ कमी करून.

२१ फेब्रुवारी

काका घरी आले, गुडघे सांभाळत. प्रतिकृती बघितली, बोटानं चौक मोजला, आणि विचारलं, "तुळस कुठे?" विसरलोच होतो. हिरव्या लोकरीचा ठिपका चिकटवला.

मग तक्ता एक वाचला. अंगाईगीताचा माझा अनुवाद त्यांना पसंत पडला नाही. मी 'बुलबुलांनी धान खाल्लं' लिहिलंय, ते म्हणाले 'खाऊन टाकलं' लिहा, 'खाल्लं' म्हणजे थोडं उरलंय असं वाटतं. बदललं. ध्वनिमुद्रणाला या वेळी तयार झाले; बायको बाहेर गेली होती. दोनदा म्हटलं, दुसरं ठेवलंय. पाठीमागे कुकरची एक शिट्टी आलीय, ती काढणार नाही.

राहिलेलं: खडखडीला मेण लावणे, तक्ता तीनमधला जादा स्वल्पविराम, पायऱ्यांना दुसरा हात. छोटा हत्ती सांगितलाय सकाळी सातला. प्रतिकृती मागे ठेवायची नाही, मांडीवर घेऊन बसायचं.